गाळलेलं वाक्य

धरमपेठ, नागपूर
सोमवार, १२ जानेवारी २०२६

गोपिके,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू आधी घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते, इकडे कोणी मेलं-बिलं नाही. मी बरी आहे. यंदा थंडी चांगली पडली आहे. सकाळी सोनोग्राफी सेंटरला जाताना रस्त्यावर धुकं असतं आणि माणसं अर्धीच दिसतात, कोणाचं नुसतं डोकं, कोणाची नुसती सायकल. मला ते आवडतं. पूर्ण माणूस दिसला की बोलावं लागतं.

दिवाळीची संत्र्यांची पेटी मिळाली. सात दिवाळ्या झाल्या, सात पेट्या आल्या आणि सख्ख्या बहिणीला पोच मी एकीचीही दिली नाही. संत्री गोड होती असं शेजारच्या शोभाताई म्हणाल्या. मी खाल्ली नाहीत. का, ते विचारू नकोस. निदान या पत्रात तरी विचारू नकोस.

काल तुझ्या श्रावणरावांचा फोन आला होता. ते तिकडून बोलत होते आणि मागे तुझी हालचाल ऐकू येत होती, भांडं ठेवल्याचा आवाज, बांगड्यांचा आवाज. तू फोनवर येत नाहीस हे मला ठाऊक आहे. खरं म्हणजे, तू येत नाहीस याचं मला प्रत्येक वेळी बरंच वाटतं. बघ, गेले ना भलतंच लिहून! खोडत नाही, टायपिस्ट बाईला खाडाखोड शोभत नाही.

श्रावणराव म्हणाले, "बाई, धनश्रीच्या बी गळ्यात निंगालं जी तसंच. काटोलले शिबिर होतं, थ्या मशिनीत दिसलं. सहा एमेमचं हाय म्हनते. गोपिका म्हनते घाबराचं काही काम नाही, बाई हाय ना. बाईनं माहा जीव वाचवला म्हनते, पोरीचाही वाचवन. वैशाखात लगन हाय, त्याच्या आंधी काहाडून घेऊ."

तुझ्या वेळच्याच डॉक्टरांची वीस फेब्रुवारीची वेळ घ्या, असंही म्हणाले.

गोपिके, घाई करू नका एवढंच मला सांगायचं आहे. ते डॉक्टर सध्या बाहेरगावी गेले आहेत असं ऐकते. शिवाय सहा मिलिमीटर म्हणजे काय, तुरीचा दाणाही जवळपास तेवढाच असतो. पोरीला खाऊ-पिऊ दे, हसू-खेळू दे. मी इकडे चौकशी करते आणि कळवते.

बाकी ठीक. आमच्याकडे नवं मशीन आलं आहे. रिवाजाप्रमाणे आम्हा सगळ्यांच्या माना पाहून झाल्या. माझीही पाहिली. काही विशेष नाही.

तुझी बाई
कौशल्या

•

धरमपेठ
गुरुवार, २२ जानेवारी २०२६

गोपिके,

धनश्रीच्या मोबाईलवरून तुझ्या अक्षराचा फोटो आला. वहीच्या पानावर दोनच ओळी. "बाई, तुले जमन तवा. तू म्हनशील तसं."

ती दुसरी ओळ मी दहा वेळा वाचली आणि मोबाईल उशीखाली दडपून ठेवला.

ते डॉक्टर बाहेरगावी गेलेले नाहीत. काल सिग्नलला त्यांची गाडी माझ्या रिक्षाच्या शेजारीच उभी होती. मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. वय वर्षं एकोणसाठ, आणि शाळा बुडवणाऱ्या पोरीसारख्या थापा मारते आहे.

दुपारी दोन ते चार आमच्याकडे पेशंट नसतात. आतल्या खोलीत दिवा मालवलेला, एसी घुमत असतो, मशीनचा पडदा तेवढा जागा. आमचे डॉक्टर संजीव सर घरी जेवायला जातात. मी कीबोर्डवर हात ठेवून बसते आणि माझे डोळे मिटतात. झोप नाही ती, झोपेचं अंगण म्हण. त्या अंगणात गेले काही दिवस एकच चित्र येतं. तुझ्या बागेत मी चालते आहे, झाडांना फळं लागलेली, आणि प्रत्येक फळाच्या आतलं मला दिसतं आहे, फोडी, बिया, पांढरे धागे. एकाही फळाला हात न लावता. आणि मला कुणीतरी विचारतं आहे, यातलं किडकं कोणतं? मी बोट दाखवते. प्रत्येक वेळी बोट दाखवते. मग जाग येते.

त्या दिवशीचं तुला काय आठवतं ते मला माहीत नाही. माझ्याकडून ऐक.

जुलै दोन हजार एकोणीस. आधीचं मशीन नवं कोरं आलं होतं तो दिवस. नवं मशीन आलं की कंपनीचा माणूस चित्र नीट दिसेपर्यंत बटणं फिरवत बसतो आणि त्यासाठी त्याला जिवंत शरीर लागतं. पोट पाहायचं तर उपाशी हवं, पोटात पाणी हवं. मान सोपी. पदर बाजूला केला की झालं. म्हणून आमच्याकडे पाळी लागते, आधी वॉचमन, मग झाडूवाली, मग काउंटरवरची पोरगी, मग मी.

माझी पाळी होती, गोपिके.

माझे अकरा रिपोर्ट टाईप व्हायचे राहिले होते. आणि तू मोसंब्यांची पिशवी घेऊन दारात उभी, चारची गाडी पकडायच्या घाईत. मी मान वर न करता म्हटलं, "माझ्या बहिणीची घ्या. तिची मान लांब आहे." सगळे हसले. तूही हसलीस. आत गेलीस आणि मानेवर ते गार मलम लावल्यावर तुझा आवाज बाहेरपर्यंत आला, "अवं बाई, गुदगुल्या होऊन राहिल्या ना वं!" तो आवाज! तुमच्या घरातून विहिरीपर्यंत पोचायचा तो. मोटार बंद करा म्हणून तू ओसरीतून हाक मारलीस की श्रावणरावच काय, शेजारच्या वावरातला माणूससुद्धा आपली मोटार बंद करायचा.

मग तू हसायची थांबलीस, कारण तो कंपनीचा माणूस बोलायचा थांबला होता. हात पुढे सरकून परत त्याच जागी आला. मला बाहेर बसून कळलं. वीस वर्षं मी त्या दाराबाहेर बसले आहे, मोजमाप घेताना मशीन कसं टकटक करतं ते मला झोपेतही ओळखू येतं. चांगल्या मानेची कोणी मोजमापं घेत बसत नाही. संजीव सरांनी खुर्ची ओढली. टक, टक. आठ मिलिमीटर.

लहानपणी उमरेडला भुलाबाईसमोर गाणी झाली की खाऊचा डबा हलवून आत काय आहे ते ओळखायचं असायचं. तू नेहमी बरोबर ओळखायचीस. मी नेहमी चुकायचे, आणि चुकले की झाकण उघडून पाहायची मला भारी घाई. तू म्हणायचीस, थांब वं बाई, वाजव अजून. मला कधी थांबता आलं नाही.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. तुझी मूठ मी उघडायला लावली, तीही माझे अकरा रिपोर्ट राहिले होते म्हणून.

हे झालं अर्धं. उरलेलं लिहायला बसले होते, पण शोभाताई हळदीकुंकवाला बोलवायला आल्या आहेत. खरं सांगायचं तर त्या आल्या आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

बाई

•

धरमपेठ
रविवार, १ फेब्रुवारी २०२६

गोपिके,

आज सुट्टी आहे. दाराला आतून कडी घातली आहे. शोभाताईंनी दोनदा वाजवलं, उघडलं नाही.

आधी माझ्या मानेचं सांगते. "काही विशेष नाही" हेही खोटंच होतं. उजव्या बाजूला सात मिलिमीटर. डिसेंबरात नव्या मशीनवर माझी पाळी आली आणि या वेळी माझ्या जागी झोपायला कोणी नव्हतं. गार मलम लागलं, खोलीत अंधार, आणि मी छताकडे पाहत तरंगत असल्यासारखी पडून होते. मग टक, टक. मला हसूच आलं. म्हटलं, आली बाई माझी पाळी, साडेसहा वर्षं उशिरा.

संजीव सरांनी पडदा माझ्याकडे वळवला. ती ग्रंथी फुलपाखरासारखी दिसते असं ते म्हणतात. मला ती संत्र्याच्या दोन फोडींसारखी दिसली, आणि एका फोडीत एक करडी बी. सर म्हणाले, "कौशल्याबाई, घाबरू नका. आता जो तो मान दाखवतो, म्हणून हे सापडतं. कित्येकांच्या गळ्यात असतं आणि जन्मभर काही करत नाही. एवढ्याशाला सुईही टोचायची गरज नाही. वर्षानं परत पाहू. वाढलं तर बघता येईल." मी "बरं सर" म्हटलं, उठले, मान पुसली, आणि खुर्चीवर बसून माझाच रिपोर्ट माझ्याच हातानं टाईप केला. एकही चूक नाही. संध्याकाळी घरी येऊन वरणभात खाल्ला.

कळलं का तुला? मला थांबायला सांगितलं आणि मी थांबले. एक मिनिटही विचार करावा लागला नाही.

आता ते उरलेलं अर्धं.

तुझी सुईची तपासणी झाली आणि रिपोर्ट घेऊन आपण त्या मानेच्या डॉक्टरांकडे गेलो. ते तुला पाहून म्हणाले, "पेशंटला जरा बाहेर बसवा." आपल्याकडे तसंच चालतं. ज्याचं दुखणं तो बाहेर, सोबतचा आत. तू मुकाट्यानं उठलीस. मी आत बसले. मला ती खुर्ची आवडली, गोपिके. जन्मभर दाराबाहेर बसून दुसऱ्यांचं बोलणं टाईप केलेली बाई मी. पहिल्यांदाच एक डॉक्टर टेबलाच्या पलीकडून माझ्याकडे बघून बोलत होता.

ते इंग्रजीत बोलले, मधूनमधून हिंदीत. मला इंग्रजी बोलता येत नाही, पण ती वाक्यं माझ्या बोटांना पाठ होती. ते म्हणाले, कॅन्सरचा संशय आहे, पण फार लहान आहे. ऑपरेशन करता येईल. आणि मग म्हणाले, न करताही चालेल. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करू, वाढलं तर काढू, बरेच लोक असेच राहतात. ऑपरेशनमध्ये आवाजाच्या नसेला थोडा धोका असतो. बहिणीला विचारा, दोन्ही सांगा, आणि मला कळवा.

बहिणीला विचारा. दोन्ही सांगा. हे ते म्हणाले.

मी बाहेर आले. तू बाकावर फाईल मांडीवर आडवी धरून बसली होतीस, ताट धरावं तशी. म्हणालीस, "काय म्हने डॉक्टर?"

मी म्हटलं, "काढावं लागते म्हणे."

तू माझ्याकडे पाहिलंस. "लागतेच का वं बाई?"

"हो. लागतेच."

वीस वर्षांत मी हजारो रिपोर्ट टाईप केले. एक शब्द कधी गाळला नाही. कोणाच्या यकृताचा, कोणाच्या मूत्रपिंडाचा, अनोळखी माणसांचा एक-एक शब्द जपला. गाळलं ते एकच वाक्य, आणि ते तुझं.

का गाळलं? आईमुळे, असं मी स्वतःला सांगत आले. आईनं छातीतली गाठ दोन वर्षं पदराखाली झाकली, "दुखत नाही ना, राहू द्या" म्हणत राहिली, बाबा हातमागावरून उठायला तयार नाहीत, आणि आपण दोघी तिला मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात घेऊन गेलो तेव्हा काय उरलं होतं, ते तू पाहिलंस. आपल्या घरात थांबणं म्हणजे तेच. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो, पण मी फुंकून प्यायले ते तुझ्या जिवावर. हे खरं आहे. पण अर्धंच. उरलेलं खरं हे, की मला ठरवायचं होतं. तुझ्यापेक्षा मला जास्त कळतं हे मला एकदा तरी सिद्ध करायचं होतं. भीती आणि मिजास, दोन्ही होती. किती भीती आणि किती मिजास, ते मला आजही सांगता येत नाही.

ऑपरेशननंतर शुद्धीवर येऊन तू "बाई" म्हणालीस आणि नुसती हवा आली. मला वाटलं, दोन दिवसांत येईल. मग महिन्यात येईल. मग तू ओसरीवर थाळी वाजवून श्रावणरावांना मोटार बंद करायला सांगू लागलीस. भुलाबाईत पोरी तुझ्याभोवती जमायच्या आणि तू टाळ्यांनी ताल देत नुसते ओठ हलवायचीस, हे मला धनश्रीनं सांगितलं.

तू रागावली असतीस तर मी दर महिन्याला आले असते, पाया पडले असते. पण तू गावभर सांगत सुटलीस की बाईनं माहा जीव वाचवला. पेट्या पाठवू लागलीस. तुझ्या त्या उपकाराच्या बोलण्यापुढे मला उभं राहवेना. म्हणून मी येणं सोडलं. नोकरी, सुट्टी नाही, गुडघे, सगळी निमित्तं. चोराच्या मनात चांदणं. दूर गेले ती मी. तुझी काहीच चूक नव्हती.

तू म्हणशील, कदाचित त्यानंच वाचली असेन. असेल. ते आता कोणालाच कळायचं नाही. काहींना काढावं लागतंच, आईला वेळेवर काढलं असतं तर ती जगली असती. धनश्रीचं काढायचं की नाही हे मी सांगणार नाही. मी डॉक्टर नाही आणि माझं सांगणं किती खरं असतं ते तू वाचलंस. एवढंच मागते, वीस तारखेला या, पण संजीव सरांनी सांगितलेल्या दुसऱ्या डॉक्टरबाईंकडे जा. पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे. दोघी आत बसा. पोरगी शिकलेली आहे, तिला विचारू दे. तूही विचार. काय काय करता येतं, आणि नाही केलं तर काय होतं. दोन्ही ऐका.

मी तुझा आवाज नेला. माफ कर म्हणायचं माझं तोंड नाही. पण तिचा जायला नको, म्हणून हे लिहिलं.

कौशल्या

•

धरमपेठ
बुधवार, ११ फेब्रुवारी २०२६

गोपिके,

पत्र पोचलं का? पोस्टातला माणूस म्हणतो की चार दिवसांच्या वर लागत नाहीत. म्हणजे तू वाचलं आहेस. किंवा चुलीत घातलं आहेस. धनश्रीला मेसेज टाकते, तर दोन निळ्या खुणा येतात आणि उत्तर येत नाही.

आज दुपारी नरखेडकडची एक बाई पोट दाखवायला आली होती. तिच्या लुगड्याला संत्र्याच्या फुलांचा वास येत होता. बहार आला आहे म्हणजे तिकडे. ती गेल्यावरही खोलीत तो वास राहिला आणि मी डोळे मिटून बसले. तेव्हा मला तुझी हाक ऐकू आली. मोटार बंद करा म्हणून. लांबून, उन्हातून, झाडांच्या वरून आल्यासारखी, अगदी पूर्वीची. मी खरोखरच उठले आणि एसी बंद केला. काउंटरवरची पोरगी पायल धावत आली, म्हणाली, "बाई, काय झालं? काहून बंद केला?" एकीकडे रडू येत होतं आणि दुसरीकडे इतकं बरं वाटत होतं, की पुन्हा डोळे मिटून तिथेच जाऊन बसावं.

शिव्या द्यायच्या असतील तर दे. पण वीस तारखेला या. माझ्यावरचा राग पोरीच्या मानेवर काढू नकोस.

बाई

•

धरमपेठ
शनिवार, २१ फेब्रुवारी २०२६

गोपिके,

पत्र लिहू नको म्हणालीस, तरी लिहिते आहे. बोलायचं असलं की माझी बोटंच आधी हलतात, जन्माची खोड. काल जे झालं ते तुला ठाऊकच आहे. पण मी कशी होते ते तुला ठाऊक नाही.

मी साडेनऊपासून डॉक्टरबाईंच्या दवाखान्याच्या पायरीवर उभी होते. तुम्ही येणार की त्या जुन्या डॉक्टरांकडे जाणार, मला काही कळत नव्हतं. साडेदहाला रिक्षातून तू उतरलीस. केस किती पिकले गं तुझे! मानेवरची ती रेघ आता फिकट झाली आहे, नुसती एक वळी पडल्यासारखी दिसते. धनश्री पाया पडली. तू पडली नाहीस. माझ्याकडे पाहिलंसही नाही. मी मनात म्हटलं, ठीक आहे, आली ना, पुष्कळ झालं.

नंबर लागला. मी सवयीनं उठले आणि तुमच्यामागे दाराशी आले. तू वळलीस आणि साडेसहा वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी बोललीस. वाळक्या पानावर पाय पडावा तसा आवाज. "बाई, तू भायेर बस."

मी बसले. पंचवीस मिनिटं. त्या बाकावर बसणं काय असतं, ते मला काल कळलं. आतून बोलणं येतं पण शब्द येत नाहीत. कोणी हसलं तर वाटतं बरं आहे, कोणी थांबलं तर वाटतं संपलं. मध्येच आतला पंखा बंद झाला. मी घाबरले. धनश्रीनं नंतर सांगितलं, तू काहीतरी विचारलंस आणि डॉक्टरबाईंना नीट ऐकू आलं नाही, म्हणून त्यांनी स्वतः उठून पंखा बंद केला आणि म्हणाल्या, "हं, आता विचारा." आणि तू सगळं विचारलंस. एकूण नऊ प्रश्न. पोरगी मोजत होती.

बाहेर आल्यावर धनश्रीच मला म्हणाली, "मावशी, आता काही करायचं नाही. ऑगस्टमध्ये परत सोनोग्राफी. वाढलं तर पाहू म्हणाल्या. लग्नाला काही अडचण नाही. मी थांबायचं ठरवलं." ती "मी ठरवलं" म्हणाली तेव्हा मी ते दोन शब्द मनातल्या मनात टाईप केले.

मग बसस्टँड. धनश्री पाण्याची बाटली आणायला गेली आणि आपण दोघी गाडीच्या सावलीत उभ्या. चहूकडे भोंगे, आरडाओरडा, आणि तुझा तो एवढासा आवाज. मी कान तुझ्या तोंडाजवळ आणला. तुझ्या अंगालाही फुलांचा वास होता.

तू म्हणालीस, "माहा आवाज गेला, त्याचं मले आता काही नाही. तू भेली होती, मले समजते. मायचं मी बी पाह्यलं हाय. पन सात वर्षं मी तुहे उपकार मानत राहिली, अन् तू मानू देल्ले. पेट्या घेतल्या. याचं मले लय वाईट वाटून राहिलं."

आवाज तुझा गेला, पण काल मुकी मी होते.

"तुहं पत्र म्या कोनाले दाखवलं नाही," तू म्हणालीस. "यायले, धनश्रीच्या बापालेबी नाही. गावात सगळ्या बायाइले म्या सांगतलं, बाईनं वाचवलं म्हनून. आता थे तू सांग. मले पत्र नको लिहू. घरी ये, सगळ्याइच्या समोर ओसरीवर बस, अन् तोंडानं सांग."

मी विचारलं, "आणि सांगितल्यावर?"

"मंग पाहू," तू म्हणालीस आणि गाडीत चढलीस. खिडकीतून बाहेर पाहिलं नाहीस. धनश्रीनं हात हलवला.

घरी कशी आले मला आठवत नाही. उन्हातून चालत आले असेन. रस्ता, झाडं, माणसं, सगळं त्या पडद्यासारखं करडं दिसत होतं आणि त्यातून मी आवाज न करता सरकत होते. आज सेंटरला सोमवारची रजा सांगितली. संजीव सरांनी कारण विचारलं, मी म्हटलं बहिणीकडे जायचं आहे, आणि हे वाक्य बोलताना मला कुठेच खोटं बोलावं लागलं नाही.

श्रावणराव ऐकून काय करतील मला माहीत नाही. सात वर्षं त्यांनी माझ्यासाठी निवडून निवडून फळं पेटीत भरली. बायका काय म्हणतील? म्हणोत. मला भीती तुझीच आहे. पत्रात मी शहाणी असते, शब्द जुळवून माफीसुद्धा देखणी करून मांडते. ओसरीवर तसं काही जमायचं नाही. तू समोर बसशील आणि मध्ये एक अवाक्षर बोलणार नाहीस.

हे पत्र टपालात टाकत नाही. उद्या सकाळी साडेसहाची गाडी आहे. दहा-साडेदहापर्यंत पोचेन. श्रावणरावांना वावरात जाऊ देऊ नकोस, एवढा निरोप धनश्रीच्या मोबाईलवर धाडला आहे.

माझं बोलून झाल्यावर तू मला जेवायला वाढशील की नाही, कोण जाणे. सोबत डबा घेत नाही.

बाई